चाळीस नंबरची हजेरी

"भाऊसाहेब, तुमचा चाळीस नंबर काही केल्या सापडत नाही हो," फोनवर प्राचार्यबाई म्हणाल्या आणि भाऊसाहेबांच्या कपातला अर्धा चहा बशीत उतरला.

"सापडत नाही म्हणजे?"

"म्हणजे पत्ता नाही, फोन नाही, कुणाला काही माहीत नाही. पहिल्या तुकडीतले अठ्ठावीस जण मेळाव्याला येतायत. चौघांचे गुडघे नाही म्हणतायत. सात जण देवाघरी गेले. झाले एकोणचाळीस. रजिस्टरात तर चाळीस आहेत. पन्नास वर्षांचा इतिहास छापायचा आणि पहिल्याच पानावर एक माणूस कमी, हे बरं दिसतं का? तुम्ही पहिल्या दिवसापासूनचे हेडक्लार्क. तुम्हाला ठाऊक असणारच."

ठाऊक असणारच! चाळीस नंबर कुठे आहे हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि तो आत्ता बशीतला चहा पुन्हा कपात ओतायच्या खटपटीत होता. चाळीस नंबर कुठेच नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी एका दुपारी भाऊसाहेबांनी तो टाकाने जन्माला घातला होता.

त्याचं असं झालं. कॉलेजला परवानगी मिळायची तर किमान चाळीस विद्यार्थी हवेत, असा नियम होता. दारोदार फिरून, आईबापांच्या विनवण्या करून एकोणचाळीस जमले. चाळिसावा जमेना. आणि पहिले प्राचार्य म्हणजे सत्याचा अवतार. "खोट्या नोंदीपेक्षा कोरं पान बरं," हे त्यांचं वाक्य आजही कॉलेजच्या दाराशी त्यांच्या तसबिरीखाली रंगवलेलं आहे. तपासणीचे साहेब यायला दोन तास उरले, तेव्हा ते सत्याचे अवतार भाऊसाहेबांच्या टेबलापाशी आले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

"भाऊसाहेब, अजून एक जण येईलच ना?"

"येईल की सर."

"मग येणाऱ्या माणसाची नोंद आधी केली तर ती खोटी म्हणता येईल का?"

"अजिबात नाही सर. फार तर लवकर केलेली म्हणता येईल."

प्राचार्य आणखी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर एक भिंत होती. त्यांनी मान वळवली तेव्हा रजिस्टरात चाळीस नंबर दाखल झाला होता, त्याची फी गरिबीमुळे माफ झाली होती आणि त्या दिवशी त्याला ताप आल्याचा अर्जही फाईलला लागला होता. नाव भाऊसाहेबांनी इतकं साधं लिहिलं होतं, की वाचता वाचता विसरावं. पुढे खरा चाळिसावा काही आला नाही. मग तीन वर्षं, कॉलेजची परवानगी कायम होईपर्यंत, भाऊसाहेबांनी त्याला बेताबेताने हजर ठेवलं. कधी सर्दी, कधी बहिणीचं लग्न, बाकी हजर. शेवटी "घरगुती अडचणीमुळे शिक्षण सोडले" असा शेरा मारून त्याला निरोप दिला. त्याच्या नावाचं वाचनालयाचं तिकीट तेवढं उरलं होतं. ते कुणाच्या हाती लागू नये म्हणून पहिल्याच आठवड्यात भाऊसाहेबांनी घरी नेऊन कपाटाच्या तळाशी सरकवलं होतं. नंतर ते विसरूनही गेले होते.

"कुणाचा फोन?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कॉलेजचा. चाळीस नंबर सापडत नाही म्हणतात."

आतलं भांडं घासायचं थांबलं. "मग? काय सांगितलंत?"

"सांगणार काय! बघतो म्हटलं."

"बघा हो," बायको म्हणाली. "सापडला तर मलाही सांगा."

आता कुणी म्हणेल, एवढं घाबरण्यासारखं काय होतं? वर्गातल्या कुणालाही विचारलं असतं तर "असा कुणी नव्हताच" म्हणून प्रकरण मिटलं असतं. पण इथेच तर गोम होती. या कॉलेजात माणसांना नावं नव्हती, नंबर होते. पहिले प्राचार्य गणिताचे. नाव चौघांचं सारखं असू शकतं, नंबर एकाचाच, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सगळी तुकडी एकमेकांना नंबरानेच हाक मारायची आणि सत्तरी आली तरी मारते. बारा आणि तेवीस यांनी पुढे एकमेकांशी लग्न केलं. त्यांच्या मुलाला सगळे पस्तीस म्हणतात, आणि खरा पस्तीस त्यावरून अजून धुसफुसतो. अशा लोकांना कुणी विचारलं, "तुमच्यात चाळीस होता का?" तर ते काय सांगणार? एकोणचाळीसनंतर चाळीस येतोच.

भाऊसाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि प्राचार्यबाईंना फोन लावला. "आठवलं. तो परदेशी गेला. फार वर्षं झाली. आता कुठला सापडतोय! सोडून द्या."

माणसाला माणसं ओळखता येतात असं भाऊसाहेबांना आयुष्यभर वाटत आलं होतं. कोण रजा मागायला आलाय आणि कोण बढती, हे ते चपलांच्या आवाजावरून सांगत. पण माजी विद्यार्थी नावाच्या प्राण्याचा त्यांचा अंदाज साफ चुकला. त्याच संध्याकाळी सतराचा फोन आला. सतरा म्हणजे निवृत्त वकील.

"भाऊसाहेब, तुम्ही परदेश म्हणालात आणि एकदम सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं बघा. मी स्वतः त्याला निरोप द्यायला गेलो होतो."

"तुम्ही? कुणाला?"

"चाळीसला! उंच, किडकिडीत. माझा हात धरून म्हणाला, सतरा, विसरू नकोस. आणि मी करंटा विसरलो."

एकोणतीस नंबरला चाळीसने सायकल मागून नेल्याचं आठवलं. ती पंक्चर करून आणली होती आणि तो राग अजून गेलेला नव्हता. अकरा नंबर म्हणजे डॉक्टरीणबाई. त्या हे सगळं खोडून काढत म्हणाल्या, "उंच कसला? बुटका होता. खिडकीशी बसायचा. कधी कुणाशी बोलायचा नाही, नुसता वाचायचा." आठवडाभरात चाळीसला गाणं येऊ लागलं, बुद्धिबळ येऊ लागलं आणि त्याच्या डाव्या गालावर एक तीळ उगवला. तिघांची मुलं परदेशात होती. त्यांना शोधकार्याला जुंपण्यात आलं.

"एवढ्या लांब पाठवलंत होय त्याला?" बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं.

"पाठवलंत काय? गेला तो."

"तेच ते. बरं झालं बाई. कुठेतरी जायला मिळालं बिचाऱ्याला."

परदेशातली मुलं कामसू निघाली. एकाने तर त्याच नावाचे अकरा म्हातारे शोधून काढले आणि त्यांतल्या दोघांना "आपलं कॉलेज आपल्याला बोलावतंय" असं पत्रही धाडलं. एकाचं उत्तर आलं, की मी येतो, तिकीट पाठवा. आता एकच उपाय उरला होता. त्यांनी फोन उचलला, आवाज जड केला.

"प्राचार्यबाई, वाईट बातमी आहे. चाळीस गेला."

"अरे देवा! कधी?"

"झाले... झाले काही महिने. आजच कळलं."

फोन ठेवून ते वळले तर दारात बायको.

"मेला?" तिने विचारलं.

"हं."

"कशाने?"

"वयाने."

"माझ्याच वयाचा असेल," बायको म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी चहा गार आला आणि भाजीत मीठ नव्हतं. पन्नास वर्षांच्या संसारात भाऊसाहेबांनी बायकोच्या रागाची कारणं नीट खाती पाडून लावलेली होती: माहेरचे, पाहुणे, ओला टॉवेल. हा राग मात्र कुठल्या खात्यात टाकावा हे त्यांना समजेना.

मेलेला माणूस गप्प बसतो, हाही भाऊसाहेबांचा गैरसमज ठरला. जिवंत चाळीसचा नुसता शोध चालला होता, मेलेल्याचं स्मारक ठरलं. सतराने शोकसभेत चौदा मिनिटं भाषण केलं. एकोणतीसने सायकलीचं पंक्चर जाहीरपणे माफ केलं. वाचनालयात खिडकीशी जी बसायची जागा आहे तिथे पाटी लावायची: "चाळीस यांच्या स्मृत्यर्थ". पाटीवरचा पडदा दूर करायचा मान अर्थातच भाऊसाहेबांना. शिवाय पहिल्या तुकडीचं मूळ रजिस्टर घेऊन जुन्या पद्धतीने हजेरीही त्यांनीच घ्यायची.

भाऊसाहेब तसबिरीखालचं ते वाक्य आठवून आठवून कुशी बदलू लागले. आपलं सोडा, आपण काय, कारकून. पण हे उघडं पडलं तर त्या देवमाणसाच्या नावाला बट्टा लागणार. आणि झाकलं, तर जो जन्मलाच नाही त्याच्या मरणाच्या पाटीवरचा पडदा आपल्याच हाताने काढायचा. मेळावा आठ दिवसांवर आला तेव्हा त्यांनी ठरवलं, की प्राचार्यबाईंना गाठायचं आणि खरं काय ते सांगून टाकायचं.

ते कॉलेजात पोचले तर प्राचार्यबाईच धावत पुढे आल्या. हातात वाचनालयाचं जुनं नोंदबुक.

"भाऊसाहेब, तुमचा चाळीस म्हणजे काय माणूस होता हो! तीन वर्षांत एकशे शहाऐंशी पुस्तकं! सगळ्या तुकडीत पहिला. दुसऱ्या नंबरवर अकरा आहेत, त्यांची त्रेपन्न."

भाऊसाहेबांच्या ओठांवर आलेली कबुली तिथल्या तिथे गिळली गेली. त्यांनी चष्मा लावला. नोंद, नोंद, नोंद. पानामागून पान. सहीच्या रकान्यात प्रत्येक वेळी नुसता आकडा: ४०. ताऱ्यांवरची पुस्तकं, झाडांवरची पुस्तकं, प्रवासवर्णनं, कादंबऱ्या, जगाच्या इतिहासाचे चार जाडजूड खंड ओळीने.

चाळीसला त्यांनी ताप दिला होता, सर्दी दिली होती, बहिणीचं लग्न लावून दिलं होतं. पण वाचायला? वाचायला त्यांनी त्याला कधीच सांगितलं नव्हतं!

त्या क्षणापासून वारं फिरलं. एवढे दिवस सगळं जग चाळीसला शोधत होतं आणि भाऊसाहेब त्याला लपवत होते. आता जगाने त्याला हार घालून मोकळं केलं होतं आणि भाऊसाहेब एकटे त्याच्या मागे लागले. कोण होता हा? आपल्या माणसाच्या नावावर कोण वाचून गेला?

आधी ते जुन्या शिपायाच्या घरी गेले. "खरं सांग. चाळीसच्या नावावर पुस्तकं तू न्यायचास ना?"

शिपाई पाय पसरून उन्हाला बसला होता. "भाऊसाहेब, मला एक सही येते. तीही तुम्ही शिकवलेली."

"मग वाचनालयात त्या वेळी कोण कोण यायचं?"

"ते आपले आजोबा ग्रंथपाल आठवतात ना? त्यांना तिकिटावरचा आकडा दिसायचा, समोरचा माणूस दिसायचा नाही. हत्ती आला असता तरी पुस्तक दिलं असतं. मग कोण आलं कुणी बघायचं?" मग शिपायानेच विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना? रोज एकच्या ठोक्याला तुमचा डबा घेऊन यायच्या. ऊन असो, पाऊस असो. अशी माणसं आता नाहीत."

"बरी आहे, बरी आहे," म्हणत भाऊसाहेब उठले. त्यांना बायकोच्या तब्येतीपेक्षा मुद्द्याचं काही हवं होतं.

त्यांनी सतराला आडून विचारलं, अकराला आडून विचारलं. एकोणतीसला इतकं आडून विचारलं, की तो सायकलीवरच परत गेला. शेवटी ताऱ्यांच्या पुस्तकात एक पुरावा हाती लागला. वाचनखूण म्हणून घातलेली निळ्या रेघांच्या कापडाची पट्टी. एका टोकाला बटणाचं काज होतं. ती रुमालात गुंडाळून त्यांनी घरी आणली आणि दिव्याखाली धरली.

"हे काय आणलंत?" बायकोने विचारलं.

"पुरावा. चाळीसच्या पुस्तकातला."

बायकोने पट्टी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. "शर्टाचं कापड दिसतंय."

"बरोबर! म्हणजे हा माणूस शर्ट घालणारा होता." भाऊसाहेबांनी ते वहीत टिपून घेतलं. "आणखी एक गंमत बघ. दुसऱ्या वर्षी मधले तीन महिने एकही पुस्तक नेलेलं नाही. एकदम बंद. मी विचार केला, आजारी होता की काय?"

"नेमकं कधी?"

"आपली मुलगी झाली ना, साधारण तेव्हाच."

समोर ठेवलेली वस्तू 'नाही' म्हणणाऱ्या दुकानदाराकडे बघावं, तसं बायकोने त्यांच्याकडे बघितलं. "शोध छान चाललाय तुमचा," ती म्हणाली. "चालू द्या."

मेळाव्याचा दिवस उजाडला. कॉलेजचा सगळ्यात मोठा वर्ग खच्चून भरला होता. सत्तरीची माणसं वर्गात शिरताच आपापले जुने बाक धरून बसली होती आणि जागेवरून भांडतही होती. भाऊसाहेबांचा शोध फसला होता. आता फक्त निर्णय उरला होता, आणि तो त्यांनी आदल्या दिवशी घेतला होता. हजेरी घेत चाळीसपर्यंत जायचं, रजिस्टर मिटायचं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. बायको तिसऱ्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती.

"एक!"

"हजर!"

"दोन!"

"हजर!"

जे हयात नव्हते त्यांच्या नंबराला शेजारचा नंबर उभा राहून "रजेवर" म्हणायचा. हसत हसत म्हणायचा आणि रिकाम्या जागेकडे बघत खाली बसायचा. सतरा "हजर" म्हणाले ते कोर्टात म्हणावं तसं. पस्तीसच्या वेळी दोघं उठले आणि खसखस पिकली. एकोणचाळीस झाले. भाऊसाहेबांनी पाण्याचा घोट घेतला. वर्गात सगळे दोन मिनिटं शांत उभं राहायच्या तयारीने बाकांवरून उठू लागले.

"चाळीस," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी रजिस्टर मिटलं. "मित्रहो, या चाळीसबद्दल मला एक गोष्ट—"

"हजर."

आवाज तिसऱ्या रांगेतून आला होता. भाऊसाहेबांनी मान वर केली. त्यांची बायको उभी होती. शाळेतल्या मुलीसारखी सरळ, हात बाजूला, हनुवटी किंचित वर.

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या.

"माझ्याकडे तिकीट आहे," ती म्हणाली आणि पिशवीतून एक पिवळं पडलेलं पुठ्ठ्याचं तिकीट काढून तिने वर धरलं. "सकाळी घरकाम, एक वाजता यांचा डबा, आणि डबा दिला की वाचनालय. कॉलेजात नाव घालायची सोय नव्हती तेव्हा आम्हा संसारी बायकांची. पण वाचलं मी सगळं. आणि ते पाटीवरचं 'स्मृत्यर्थ' तेवढं खोडा. मी अजून आहे."

एकदम भाऊसाहेबांना निळ्या रेघांचा एक शर्ट आठवला. लग्नातला. कोपरात फाटला म्हणून तिने पायपुसणं केलं होतं असं त्यांना पन्नास वर्षं वाटत होतं.

आता काय होणार? उंच, किडकिडीत, बुटक्या, तीळवाल्या, गाणाऱ्या चाळीसचं काय होणार? पण माजी विद्यार्थ्यांनी त्यांना पुन्हा एकदा खोटं पाडलं.

"मी म्हटलं नव्हतं?" डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. "खिडकीशी बसायची, कुणाशी बोलायची नाही, नुसती वाचायची! मीच एकटी म्हणत होते!"

"हो हो, वहिनीच त्या! मला पहिल्यापासून संशय होता," एकोणतीस म्हणाला.

"मग सायकल?"

"सायकल... सायकल दुसऱ्या कुणी तरी नेली असेल."

सतराने घसा साफ केला. "मी निरोप द्यायला गेलो होतो, ते विधान मी मागे घेतो. मात्र त्यांनी मला विसरू नकोस म्हटलं होतं, यावर मी ठाम आहे."

प्राचार्यबाईंनी भाऊसाहेबांच्या हातून रजिस्टर घेतलं, चाळीसची ओळ वाचली, फीमाफी वाचली, तापाचा अर्ज आठवला. हुशार बाई. सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून जमा होताना भाऊसाहेबांना दिसलं. मग त्यांनी हळूच मान वळवली आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. इथूनही तीच भिंत दिसत होती.

"भाऊसाहेब," खिडकीकडे बघतच त्या म्हणाल्या, "ही नोंद जरा लवकर केलेली दिसते."

"हो बाई. माणूस आधीच आलेला होता. मला दिसायचा राहिला."

"मग इतिहासात चाळीस जण लिहू ना?"

"चाळीसच लिहा."

परत निघताना बायकोने पिशवीतून जगाच्या इतिहासाचा चौथा खंड काढून वाचनालयात जमा केला. "शेवटचं प्रकरण राहिलं होतं," ती म्हणाली, "मुलगी रांगायला लागली आणि मग राहूनच गेलं. परवा संपवलं."

रिकामी पिशवी भाऊसाहेबांनी घेतली आणि दोघं चालत घराकडे निघाले. भाऊसाहेबांच्या मनात एकच प्रश्न घोळत होता.

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्हाला ठाऊक नव्हतं का?" बायको थांबली. "तिकीट तुम्हीच आणलंत. कपाटात माझ्याच कपड्यांच्या घडीखाली ठेवलंत. मला वाटलं, हिला शिकायचं होतं, शिकता आलं नाही, म्हणून नवऱ्याने गुपचूप सोय केली. बोलून दाखवायला लाजतोय. मग मी तरी कशाला बोलू? पन्नास वर्षं मनात ठेवलं मी ते. मी चिडले तेव्हासुद्धा मनाशी म्हणायचे, जाऊ दे, तिकीट आणलं होतं त्याने."

भाऊसाहेब उभेच राहिले. आयुष्यात त्यांनी एकच खोटी नोंद केली होती. ती आत्ता कुठे कशीबशी खरी ठरली होती, आणि लगेच दुसरी पुढ्यात आली होती. कोरं पान सोडावं की भरावं?

त्यांनी समोरच्या घराच्या भिंतीकडे बघितलं.

"तुझ्यासाठीच आणलं होतं," ते म्हणाले.

बायको हसली. त्यांच्या हातातली पिशवी घेऊन ती पुढे चालू लागली. "हे वाक्य जरा उशिरा केलेली नोंद दिसते," ती म्हणाली. "असू दे. हजेरी लावून टाका."